माझ्या नावानं केलेल्या अंघोळीबद्दल

ती. धोंडाक्कास, धाकट्या सुभद्रेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. विशेष हे की मी जिवंत आहे.

हे पहिल्याच ओळीत लिहायला लावलं, कारण तुझी नात ऋतुजा पत्र वाचता वाचता मधेच चहा ठेवायला उठते असं ऐकलंय, आणि तेवढ्या वेळात पुन्हा तुझा जीव टांगणीला नको. तुझे गुडघे कसे आहेत? नांदेडला पाणी वेळेवर येतं का? सूनबाई बोलते की अजून अबोलाच आहे? माझी खबर ऐकून तू भर थंडीत गार पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केलीस आणि तुला ताप भरला, असं ऋतुजानं कळवलं. वाईट वाटलं. आणि खरं सांगू, जरा बरंही वाटलं. किती रडलीस ते मात्र तिनं सांगितलं नाही. ते तू स्वतः कळव, कमी असेल तर वाढवून कळव. फोनच केला असता, पण परवा केला तर माझा आवाज ऐकताच तू राम राम म्हणत फोन गादीखाली दाबलास. भूत एकवेळ फोन करील बाई, पण एवढं लांबलचक पत्र सांगत बसायला त्याला सवड कुठली?

पत्र संगू लिहितोय. तुझ्या शेजारणी ऐकायला बसतात म्हणून त्यांच्यासाठी सांगते: संगू म्हणजे संगमेश्वर, माझा नातू. माझा एकुलता लेक आणि सून लवकर गेले, तेव्हापासून मी आणि त्याच्या आबांनी वाढवलेला. मी ‘न्हाई’ म्हणते, हा ‘नाही’ लिहितो. त्यामुळं पत्रातली मी जरा चार बुकं शिकलेली वाटेन, तू मनावर घेऊ नको. (आजी, तू बोलतेस तसंच लिहिलं तर ऋतुजाला वाचता येणार नाही. — संगू) बघ, कंसात शिरला. सारखा असाच मधे मधे शिरून राहिला.

हा पुण्याच्या कंपनीत सिनिअर सपोर्ट इंजिनिअर आहे. नातू काय करतो म्हणून गावात विचारायचे, मी सांगायची, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तर गल्लीतल्या दोघींनी बंद पडलेले मिक्सर आणून ओसरीवर ठेवले. मग त्यानं मला समोर बसवून समजावलं. मोठमोठ्या कंपन्या आपला पसारा आपल्या घरात ठेवत नाहीत म्हणे. दुसऱ्याच्या जागेत, कुठल्या कुठल्या मुलखांत, गार खोल्यांमधल्या यंत्रांवर ठेवतात. त्याला क्लाउड म्हणतात. आणि एकाच जागी नाही, दोन-तीन जागी. एक बंद पडलं की दुसऱ्यानं उठून काम धरायचं, गिऱ्हाइकाला पत्ताही लागू नये. दुसरं उठलं नाही की संगूला उठवतात. मी म्हटलं, एवढंच ना? हे तर आपली माय करायची. आठवतं का तुला, दुष्काळात तिनं ज्वारीचं बी तीन घरी ठेवलं होतं? आपल्या कणगीतलं आपण खाल्लं, मामाकडचं उंदरांनी खाल्लं, आणि रेणापूरच्या मावशीकडचं पेरलं. संगू म्हणाला, आजी, तुला आमच्या कंपनीत घेतील. मी म्हटलं, मायला घ्या, मी फक्त उंदीर हाकलायची.

पण तीन घरी ठेवता येतं ते बी, अक्का. माणूस एकाच घरी असतो.

ह्याचे आबा (नाव मी घेत नाही, संगूच लिहील: रामलिंग) गेले ते सकाळी, चहा पिता पिता. कप आधी नीट खाली ठेवला, मग गेले. जातानाही भांडं फुटू दिलं नाही. संगूला फोन गेला त्याच वेळी तिकडं एका गिऱ्हाइकाची यंत्रं बसली होती. परदेशातली जोडे विकणारी कंपनी, आणि वर्षातला त्यांचा सगळ्यात मोठा सेल. पहिलं यंत्र पडलं, दुसरं उठेना. हा म्हणाला, तासाभरात दुसऱ्याच्या हाती काम देतो आणि निघतो. तासाभरानं पुन्हा म्हणाला, आणखी एक तास. पुण्याहून इथं यायला अख्खा दिवस जातो. इकडं आपला भाऊ अण्णाराव अहमदपूरहून येऊन बसला होता, सारखा उन्हाकडं बघायचा. दिवस मावळायच्या आत माती झाली पाहिजे म्हणाला, आणि गावही तेच म्हणालं. मग ठरलं, फोनवर दाखवू. फोन धरला अण्णारावाच्या जावयानं, आणि धरला उलट्या कॅमेऱ्यानं. संगूला आबांचं तोंड दिसलंच नाही. शेवटपर्यंत जावयाची मिशी दिसली. तिकडचा आवाज इकडं येत नव्हता, संगू ओरडत होता की फोन फिरवा, फोन फिरवा, आणि जावयाला वाटलं पोरगं दुःखानं ओरडतंय, म्हणून त्यानं डोळे पुसले आणि फोन आणखी जवळ धरला. त्या दिवशी तिकडच्या लोकांना जोडे मिळाले म्हणे. चांगलं झालं. आमचे हे अनवाणीच गेले. (आजी, हे लिहू का? — संगू) लिही. तुला टोचावं म्हणून नाही सांगत. जाणारा अनवाणीच जातो.

दुसऱ्या दिवशी उजाडता आला. पण रडला नाही, अक्का. गळ्यात पडला नाही. चहाचा कप कुठं होता, मी कुठं होते, आधी कुणाला कळलं, डॉक्टरला कुणी बोलावलं, सगळं विचारत बसला. त्यांच्या कामात एक रीत आहे. काही बंद पडलं की नंतर सगळे मिळून बसतात, काय काय झालं ते ओळीनं मांडतात, पण माणसाला दोष द्यायचा नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. मला लई आवडली ही रीत. आपल्यात आधी नाव घेतात आणि मग काय झालं ते विचारतात. मी त्याला म्हटलं, मग आबांचंही तसंच मांड की, नाव न घेता. तो वर माडीवर निघून गेला. आल्यागेल्यांनी मात्र नाव घेतलं. भेटायला आलेली प्रत्येक बाई माझ्याजवळ रडायची आणि त्याच्याकडं बघून म्हणायची, एवढा इंजिनिअर नातू, पण तोंडात पाणी घालायला नव्हता. तो ते ऐकायचा आणि तिच्यासाठी चहा घेऊन यायचा. साखर बरोबर घालून.

मग तो परत गेलाच नाही. बायको दीपमाला आणि लेकरू पुण्याला, हा इथं माडीवर, कानाला ते ऐकायचं-बोलायचं बोंडुक लावून परदेशातल्या साहेबांशी बोलून राहिला. आणि खाली आला की माझी यंत्रासारखी निगा. कुठल्याच एकावर विसंबायचं नाही म्हणाला. दोन इन्व्हर्टर आणले. दोन शेगड्या, दोन चष्मे, दोन काठ्या. एक उशाशी, एक मुरुडच्या बाजारातून आणलेली मोरीच्या दाराशी. दुसरी कवळी करायला निघाला, तेव्हा म्हटलं, बाबा, तोंड एकच आहे.

एवढ्यानं भागलं नाही म्हणून हाताला घड्याळ बांधलं. वेळ सांगायला नाही (वेळ मला उन्हावरून कळते), काळजाचे ठोके मोजायला. ठोका चुकला की ते फोनवर बोंब मारतं. आधी संगूला सांगतं. त्यानं फोन घेतला नाही तर शेजारच्या महानंदाला, ती अंगणवाडीत शिकवते. तिनं नाही घेतला तर अण्णारावाला. अशी रांगच लावून ठेवली. आता तूच सांग, ठेचा कुटताना कुणाचं काळीज उडत नाही? ठेचा कुटला की वाजायचं, कोंबड्या हाकलल्या की वाजायचं, घागर उचलली की वाजायचं. वाजलं की हा जिन्यावरून धडधडत खाली. तिकडं कानात साहेब बोलून राहिले, इकडं हा माझं मनगट धरून उभा, तोंड पांढरंफटक. कधी कधी तो जिना उतरायचा तो आवाज ऐकूनच माझे ठोके वाढायचे आणि घड्याळ पुन्हा वाजायचं. मी बेजार झाले. एका सकाळी ते काढलं आणि बकरीच्या पायात बांधून दिलं. बकरीला फिकीर नाही. दोन दिवस घर निवांत होतं.

तिसऱ्या दिवशी घड्याळ सैल होऊन तिच्या खुरापर्यंत उतरलं. खुराला नाडी नसते.

आता त्या दिवशीचं मी संगूच्या रीतीनं सांगते, कुणाला दोष देत नाही. (फक्त अण्णारावाला देते. तो आपला भाऊ, त्याला दोष देण्यासाठीच मायनं जन्माला घातलाय.) घड्याळानं आधी संगूला फोन केला. तो लातूरला गेला होता, इंटरनेटची दुसरी लाइन बघायला, पहिली बंद पडली तर असावी म्हणून. त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. घरात सगळं दोन-दोन, फोन मात्र एक! महानंदा रेणापूरला मीटिंगमध्ये, फोन पिशवीत मुका करून ठेवलेला. मग अण्णारावाला मेसेज गेला: सुभद्राबाईंकडून प्रतिसाद नाही. त्यानं मला फोन लावला. फोन पलंगावर, मी मागं परसात तूर पाखडून राहिले होते. झालं. मागच्या वेळी संगूसाठी थांबला नाही म्हणून त्याला आतून लागलेलंच होतं, आणि आता आपण स्वतः उशिरा पोचलो असं होऊ नये म्हणून ह्या वेळी त्यानं एवढी घाई केली की मरणाऱ्याचीसुद्धा वाट बघितली नाही. जीप केली, बायको शिवम्मा, लेकी, सुना, तो मिशीवाला जावई, सगळे भरले, वाटेत फोनवर सगळ्या पाहुण्यांना खबर दिली (त्यातच तुझी अंघोळ झाली), आणि शिवम्मानं पिठलं-भाकरी बांधून घेतली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही.

मी परसात. एकाएकी पुढच्या गल्लीतून बायकांनी गळा काढलेला ऐकू आला. म्हटलं, कोण गेलं बाई आपल्या गल्लीतलं? सूप ठेवलं, हात धुतले, डोक्यावरून पदर ओढून बाजूच्या बोळातून पुढं आले. बघते तर आमच्याच ओसरीवर, मी आतून लावलेल्या दाराशी, बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. आता अशा वेळी कुणी विचारत बसतं का, कोण गेलं म्हणून? रीत तू जाणतेस. आधी बसायचं, गळ्यात गळा घालून रडून घ्यायचं, नाव मागनं कळतं. मी बसले शिवम्माच्या शेजारी, घातला तिच्या गळ्यात हात आणि रडायला लागले. तिनंही वर न बघता मला मिठी मारली. आणि अक्का, मी खोटं नाही रडले. ह्यांच्या दिवसपाण्यानंतर माणसं यायची बंद झाली, संगू समोर रडत नाही म्हणून मीही रडत नव्हते. रडायला निमित्त लागतं, एकट्या बाईनं भिंतीकडं बघून किती रडावं? कुणाचं का असेना, मयत मिळालं होतं. पोट भरून रडले.

रडता रडता कान शिवम्माकडं होते. ती हेल काढून सांगत होती, कधी कुणाला वाकडं बोलली नाही गं, मुंगीला दुखवलं नाही गं, आता तुझ्या हातचा ठेचा कोण देईल गं. मी मनात म्हटलं, एवढी गुणाची बाई आपल्या गल्लीत होती तरी कोण? शेवटी राहवेना. पदर बाजूला करून हळूच विचारलं, वैनी, गेलं कोण? शिवम्मानं माझ्याकडं बघितलं, आणि जी किंकाळी फोडली ती नांदेडला तुला ऐकू आली असेल. बायकांतल्या दोघी ओसरीवरून खाली पडल्या. जावयानं लगेच फोन काढला, ह्या वेळी सुलटा धरला म्हणे.

हा गोंधळ चालू असताना संगू आला. मोटरसायकलवर बांधलेला खोका, हातात दुसऱ्या लाइनीची वायर. त्यानं गल्लीच्या तोंडाशी जीप बघितली, ओसरीवर बायका बघितल्या, पिठलं-भाकरीचं गाठोडं बघितलं. मी पुढं होते, दिसेन अशी होते, हाक मारली, पण त्याला मी दिसले नाही. गाडी तशीच आडवी झाली. हा मातीत बसला आणि रडला. (आजी, पुरे.) पुरे नाही, लिही. हे नाही लिहिलं तर बाकीचं पत्र कशाला? मला वाटलं, माझ्या नावानं हाक मारील. त्यानं ‘आबा’ म्हणून हाक मारली. लहानपणी बाभळीचा काटा पायात मोडल्यावर मारायचा तशी. मी त्याच्या शेजारी जाऊन मातीत बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं वर बघितलं. मी आहे, हे त्याला कळलं. पण रडायचा थांबला नाही, अक्का. मला बघूनही थांबला नाही. मी म्हटलं, रड. आज सगळं तयार आहे, माणसं आहेत, भाकरी आहे. अण्णाराव आला, डोक्याचा पटका सोडला आणि त्याच्या हातात दिला, तोंड पुसायला. तू तर जाणतेस, तो पटका तो देवापुढंसुद्धा सोडत नाही.

मग पंचाईत पडली ती पिठल्याची. मयताची भाकरी जित्या माणसाच्या घरी खावी का? बायकांत तकरार झाली. शेवटी मी पहिला घास घेतला, म्हटलं, माझ्या नावाची आहे, मलाच मान. पिठल्यात मीठ कमी होतं. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा कुठं अण्णारावाची खात्री पटली की मी जिवंत आहे. संगूनंही खाल्लं. ह्यांच्या दिवसांत त्यानं ती भाकरी तोंडाला लावली नव्हती. दोन खाल्ल्या.

तर असं झालं. तुला ताप आला त्याची मी धनीण. खोटी खबर आली की आयुष्य वाढतं म्हणतात, पण त्यासाठी दुसऱ्यानं आजारी पडावं असं शास्त्र नाही. पोराबाळांना आशीर्वाद, सूनबाईला मी विचारलं म्हणून सांग, तेवढंच बोलायला निमित्त. बाकी सर्व ठीक.

तुझी, अजून तरी,
सुभद्रा
(अंगठा खरा आहे, ऋतुजाला तपासू दे.)

ताजा कलम: ताप उतरला की इकडं ये. उन्हाळ्याच्या कुरडया-पापड्या मला एकटीला झेपणार नाहीत. संगू म्हणतो, घरात सगळं दोन-दोन आहे, म्हातारी तेवढी एकच आहे. तू आलीस तर तो पुण्याला जाईन म्हणतो. दीपमाला फोनवर काही बोलत नाही, पण लेकरू फोनच्या काचेला गाल लावून बसतं. ते बघवत नाही.

आणखी एक: आता अक्षर बदललेलं दिसेल. संगूला वरून बोलावणं आलं, कुठली तरी यंत्रं बसली, तो गेला. हे महानंदा लिहून राहिली. (मी लिहितेय, पण मला हे पटत नाही. — महानंदा) ऋतुजा, बाळ, इथून पुढचं फक्त तुझ्या आजीच्या कानात वाच.

अक्का, मी ठेचा कुटायचं केव्हाच सोडलंय. महानंदा कुटून देते. कोंबड्याही विकल्या. घड्याळ वाजायचं ते बसल्या जागी वाजायचं, आणि ते एकदाही खोटं बोललं नाही. महानंदानं गपचूप लातूरला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाला, जपा. म्हटलं, जपतेच आहे, नातवाला. बकरीच्या पायात बांधलं ते ह्यासाठी की तो जिना उतरून यायचा तेव्हाचं त्याचं तोंड मला बघवत नव्हतं. त्यालाही कळलं असावं. बकरी आणि आजी ह्यांच्या काळजातला फरक त्याच्या यंत्राला कळत नसेल असं नाही. त्या दिवशी त्यानं घड्याळ खुरातून काढलं, पुसलं, पण माझ्या हाताला बांधलं नाही. खिशात ठेवलं. आणि तेव्हापासून माझ्याशी भांडत नाही. तेवढी एकच गोष्ट मला खटकते.

म्हणून तू ये. कुरडयांचं निमित्त आहे. तो जाऊ दे, त्याचं लेकरू आहे, त्याचं काम आहे. त्याला अडकवून मी थोडीच थांबणार आहे?

शेवटचं: खरी गोष्ट ही. तू आम्हा सगळ्यांत मोठी, अण्णाराव तुझा शब्द मोडत नाही. माझ्या वेळी त्याला बजावून सांग. संगूला खबर द्या, आणि तो एक तास म्हणाला तर एक तास थांबा. दोन म्हणाला तर दोन. दिवस मावळला तर मावळू द्या, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. मला कुठं जायची घाई? तो आला, त्यानं तोंड बघितलं, तोंडात पाणी घातलं, मगच मला हलवा. फोनवर दाखवायचं नाही. जावयाला तर फोनला हात लावू द्यायचा नाही.

आणि तुझं वय माझ्याहून जास्त, गुडघे तसले, त्यात गार पाण्यानं अंघोळी करतेस. म्हणून हे काम तुझ्या एकटीवर सोपवलेलं नाही, राग मानू नको. महानंदाकडूनही वचन घेतलंय. एकावर विसंबू नये, दुसरं असावं.